चेंडू राखावा की द्यावा?

सायंकाळी शाळेच्या क्रीडांगणावरून जाणाऱ्या माणसाच्या कानावर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा एक शब्द हटकून पडतो. तो शब्द म्हणजे ‘दे!’ ज्याच्या पायाशी चेंडू आहे त्याच्याकडे चहूकडून ही मागणी चाललेली असते. आणि तो पठ्ठ्या मात्र मान खाली घालून, एकाला हुलकावणी देत, दुसऱ्याला चुकवीत, तिसऱ्याच्या तावडीत सापडेपर्यंत चेंडू आपल्यापाशीच ठेवतो. चेंडू गेला म्हणजे सारे सवंगडी त्याच्यावर तुटून पडतात. कडेला शिट्टी घेऊन उभे असलेले मास्तरही ‘अरे, दे की!’ म्हणून त्या गिल्ल्यात आपला आवाज मिसळतात. मीही पुष्कळ वर्षे तो मिसळला आहे. तो कितपत योग्य होता, ह्याचा थोडा इतिहासाच्या आधाराने विचार करावा, असे आज योजिले आहे.

श्रोतेहो, फुटबॉलमध्ये चेंडू पुढे नेण्याच्या दोन विद्या आहेत. चेंडू पायापायाने खेळवीत, समोरच्याला चकवीत आपण स्वतःच पुढे जावयाचे, ही एक. तिला ड्रिबलिंग म्हणतात. चेंडू आपल्या सोबत्याकडे सोडावयाचा आणि त्याने तो पुढे न्यावयाचा, ही दुसरी. तिला पास म्हणतात. पहिली विद्या एकट्याची, दुसरी अनेकांची. मुलांना आधी कोणती शिकवावी आणि कितपत शिकवावी, हा शिक्षकापुढील नित्याचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड पाहावयाचे तर कोल्हापुरास जावे. तेथे तालमी-तालमींचे संघ आहेत आणि पाटाकडील तालीम मंडळ व शिवाजी तरुण मंडळ ह्यांच्यासारख्या संघांची झुंज लागली म्हणजे शाहू स्टेडियम ओसंडून वाहते. आमचे बार्शी हे भगवंताचे गाव. येथे खो-खो, कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट ह्यांतून उरलेली मुले फुटबॉलकडे वळतात. पण मुले तीच, आणि त्यांचा प्रश्नही तोच.

ह्या प्रश्नाचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे. १८६३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २६ तारखेस लंडनमधील ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’ नावाच्या पांथशाळेत काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि ‘फुटबॉल असोसिएशन’ स्थापन झाली. तत्पूर्वी इंग्लंडातील प्रत्येक मोठ्या शाळेचा फुटबॉल निराळा होता; हातात चेंडू घ्यावा की नाही ह्यावरसुद्धा एकमत नव्हते. असोसिएशनने त्या वर्षी जे नियम ठरविले त्यांत एक नियम असा होता की, चेंडूच्या पुढे असलेला खेळाडू खेळाबाहेरचा समजावा. ह्याचा परिणाम काय होणार? पुढे उभ्या असलेल्या सोबत्याला चेंडू देण्याची सोयच उरली नाही. मग ज्याच्या पायाशी चेंडू असेल त्याने तो घेऊन धावावे, आणि इतरांनी त्याच्या पाठोपाठ धावावे. त्याच्या पायातून चेंडू सुटला तर पाठच्याने तो उचलावा. म्हणजे ड्रिबलिंग हा त्या काळच्या खेळाडूंचा केवळ स्वभाव नव्हता. नियमानेच त्यांना तो लावून दिला होता.

१८६६ साली हा नियम सैल झाला. प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू आपल्या पुढे असतील तर चेंडूच्या पुढील माणसालाही पास द्यावा, अशी मुभा मिळाली. पण कायदा बदलला म्हणून सवय तात्काळ बदलते असे नाही. इंग्लंडातील श्रीमंतांच्या शाळांतून आलेले तरुण चेंडू घेऊन एकट्याने शत्रुपक्षात घुसण्यातच पुरुषार्थ मानीत राहिले. पासाची विद्या वाढली ती अन्यत्र. रॉयल इंजिनिअर्स ह्या लष्करी अधिकाऱ्यांच्या संघाने ती उचलली. पूल आणि तटबंदी मिळून बांधणाऱ्या लोकांना मिळून खेळण्याचे महत्त्व लवकर कळले, ह्यात नवल नाही. त्याहूनही ती स्कॉटलंडात रुजली. १८७२ च्या नोव्हेंबरच्या ३० तारखेस ग्लासगो येथे इंग्लंड आणि स्कॉटलंड ह्यांचा पहिला सामना झाला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क ह्या एकाच क्लबातले होते. इंग्रज अंगापिंडाने जड. त्यांनी अकरांपैकी आठ जण आघाडीस लावले होते. स्कॉटलंडने सहाच लावले आणि एकमेकांना चेंडू देत त्या जड मंडळींना गोल करू दिला नाही. सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला.

पुढील दहा वर्षांत ह्या विद्येचे फळ दिसून आले. स्कॉटलंडने १८७८ साली इंग्लंडचा ७-२ असा आणि १८८१ साली त्यांच्याच लंडनमध्ये ६-१ असा पराभव केला. १८८३ साली इंग्लंडच्या चषकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक ह्या गिरणी-कामगारांच्या गावच्या संघाने ओल्ड इटोनियन्स ह्या श्रीमंत शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना २-१ असे हरविले, आणि त्यानंतर तो चषक पुन्हा कधीही त्या श्रीमंत शाळांच्या संघांकडे गेला नाही. कमी वजनाच्या, कमी मानाच्या माणसांनी एकत्र येऊन बलवानाला कसे नमवावे, ह्याचे उत्तर म्हणून पास जन्मास आला. हे लक्षात घेतले म्हणजे मास्तरांना पास इतका प्रिय का, ते कळते. पासात नीती आहे, सहकार्य आहे, दुबळ्याला वाटा आहे. तो वर्गात शिकविण्याजोगा धडाच आहे.

परंतु इतिहास येथेच थांबत नाही. फुटबॉल हिंदुस्थानात आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. १८८८ साली सिमल्यास ड्युरँड स्पर्धा आणि १८९१ साली मुंबईस रोव्हर्स चषक सुरू झाला. आरंभी ह्या स्पर्धा बहुतांशी लष्करी संघांच्याच होत्या. अशा काळात, १९११ च्या जुलै महिन्याच्या २९ तारखेस, कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. सारा देश त्या विजयाने हर्षभरित झाला, हे सर्वश्रुत आहे. पण तो विजय कसा मिळाला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

पहिला गोल पलटणीने केला. तो कर्णधार शिवदास भादुडी ह्यांनी फेडला. शिवदास हे चेंडू पायाशी खेळविण्यात निष्णात होते. उघड्या पायाला चेंडूचा जो स्पर्श कळतो तो बुटातील पायाला कळत नाही, असे म्हणत ते ह्यांच्यासारख्यांना पाहूनच. सामना संपावयास थोडाच अवधी उरला असता शिवदास पुन्हा चेंडू घेऊन प्रतिपक्षात शिरले. त्यांना अडविण्यास बचावाचे खेळाडू त्यांच्याकडे ओढले गेले, आणि त्या क्षणी त्यांनी चेंडू अभिलाष घोष ह्यांच्याकडे सोडला. विजयाचा गोल अभिलाष घोषांनी केला. आता हा गोल ड्रिबलिंगचा म्हणावा की पासाचा? शिवदासांनी आरंभीच चेंडू दिला असता तर अभिलाष मोकळे सापडले नसते. आणि अखेरपर्यंत दिलाच नसता तर चेंडू बुटांच्या गर्दीत हरपला असता. आधी माणसे आपल्याकडे ओढली, मग चेंडू सोडला. एवढ्या एका क्षणात दोन्ही विद्यांचे मर्म साठविलेले आहे.

ज्या १९११ साली कलकत्त्यास हे घडले, त्याच साली आमची बार्शी लाईट रेल्वे निजामाच्या मुलखातील लातूरपर्यंत जाऊन पोहोचली. अडीच फूट रुंदीच्या रुळांची ती गाडी आता राहिली नाही, आणि १९४८ पर्यंत आमच्या तालुक्याच्या पूर्वेस लागून असलेली निजामाची हद्दही राहिली नाही. त्या शेजारच्या राज्याच्या राजधानीत मात्र एक असा शिक्षक होऊन गेला की, आपल्या प्रश्नाचा विचार त्याच्याइतका खोलवर क्वचितच कोणी केला असेल. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शाळामास्तर. १९४३ च्या सुमारास हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला, आणि १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे त्या संघाने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला.

रहीमसाहेबांपुढील अडचण नीट समजून घेतली पाहिजे. आपले खेळाडू पायाचे कसबी होते. पण कसब म्हणजे खेळ नव्हे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या आपल्या संघाने फ्रान्सला झुंजविले आणि २-१ असा निसटता पराभव पत्करला. १९५२ साली हेलसिंकी येथे मात्र युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडविला. त्यानंतर बूट घालणे सक्तीचे झाले. ह्या दुसऱ्या संघाचे मार्गदर्शक रहीमच होते. जलद पास देणाऱ्या युरोपीय संघापुढे एकेकट्याची करामत कशी अपुरी पडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मग त्यांनी हैदराबादेत ड्रिबलिंगला मनाई असलेले सामने भरविले. चेंडू आला की तो लागलीच सोडावयाचा. दुबळ्या पायानेच खेळावयाचे, असेही सामने त्यांनी घेतले.

येथवर ऐकून एखादा मास्तर म्हणेल, ‘पाहा, आम्ही ओरडत होतो तेच खरे!’ पण थोडे थांबावे. ह्याच रहीमसाहेबांनी १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघ चौथ्या क्रमांकावर नेला. तेथे १ डिसेंबर रोजी ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव झाला, आणि त्यांतील तीन गोल मूळच्या गोव्याच्या व मुंबईतून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा ह्यांनी केले. १९६२ च्या सप्टेंबरात जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले, त्या संघाचे कर्णधार होते चुनी गोस्वामी; आणि चुनी गोस्वामींची सारी कीर्ती चेंडू पायाशी नाचविण्यातच होती. ड्रिबलिंगला मनाई असलेले सामने भरविणाऱ्या माणसाने देशातील नामांकित ड्रिबलर आपल्या आघाडीस ठेवला! ह्यात विसंगती मुळीच नाही. सरावात मनाई होती ती चेंडू देण्याचे डोळे उघडावेत म्हणून. सामन्यात मोकळीक होती ती समोरच्या बचावाला भगदाड पाडता यावे म्हणून. जाकार्त्याच्या विजयानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, १९६३ च्या जूनमध्ये, रहीमसाहेब निवर्तले. त्यांनी काय मनाई केली तेवढे पुष्कळांनी उचलले. कशाला मोकळीक दिली, ते मात्र विसरले.

त्या विसरणाऱ्यांपैकी मी एक. माझ्या संघात एक सडपातळ मुलगा होता. चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा राही. त्याने दोन पावले चेंडू नेला की मी शिट्टी वाजवी. तिसरे पाऊल टाकले तर त्याला मैदानाबाहेर बसवी. संघ शिस्तीचा झाला, पाहुणे कौतुक करू लागले, मलाही धन्यता वाटली. पुढे तालुक्याच्या एका सामन्यात बरोबरी झालेली असताना हा मुलगा चेंडूसह सर्वांच्या पुढे निसटला. समोर केवळ गोलरक्षक. त्याने एकवार माझ्याकडे पाहिले आणि चेंडू उजवीकडे सोडला. उजवीकडे कोणीच नव्हते. चेंडू रेषेबाहेर गेला. सामना आम्ही हरलो, ह्याचे दुःख नाही. खेळ संपल्यावर मी रागावलो, तेव्हा तो इतकेच म्हणाला, ‘सर, तुम्हीच द्यायला सांगितलं होतं ना?’ पुढच्या वर्षी त्याने फुटबॉल सोडला. त्याने माझे ऐकले, हाच त्याचा अपराध होता. आणि मी त्याला शब्द शिकविला होता, वेळ शिकविली नव्हती.

ही वेळ कशी शिकवावी, ह्याचे उत्तर मला फुटबॉलच्या पुस्तकात सापडले नाही. ते आमच्या शाळेच्या खो-खोच्या मैदानावर सापडले. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली बांधण्यास आरंभ झाला. पण खेळ त्याहून कितीतरी जुना. त्यात पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही आणि बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. म्हणून चपळ पळणाऱ्याला एकट्याने धरणे दुरापास्त. त्याने खो दिलाच पाहिजे. पण उठल्याबरोबर खो देणारा गडी निरुपयोगी असतो, हे आपल्याकडील दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. पळणाऱ्याला आधी एका अंगाला दाबावे लागते, त्याचा तोल तिकडे झुकवावा लागतो. आणि तो पुरता झुकला की योग्य जागी बसलेल्याच्या पाठीवर थाप पडते. लवकर दिलेला खो फुकट, उशिरा दिलेला खोही फुकट. शिवदास भादुडींनी १९११ साली जे केले ते हेच. आमची मुले ज्या खेळात हे जन्मजात जाणतात, त्याची आठवण देण्याऐवजी आम्ही शिट्ट्या वाजवीत बसलो.

ह्यावरून पुढील काळात मी जो क्रम पाळला, तो थोडक्यात सांगतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला चेंडू देण्याचा उपदेश करू नये. त्याला चेंडू मिळू द्यावा. शक्य तर दोघांत एक तरी असावा. जे आपले झालेच नाही ते दुसऱ्यास देणार कसे? आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला धरते; अशा जमिनीवर चेंडू मनास येईल तसा उडतो. म्हणून मैदानाचा एखादा सपाट कोपरा झाडून, पाणी मारून, तेथे ह्या लहानांना खेळवावे. अकरा-अकरांचे संघ ह्या वयात करूच नयेत. चार विरुद्ध चार असे खेळविले म्हणजे दांडगा मुलगा चेंडू घेऊन पळाला तरी चेंडू फिरून सर्वांच्या वाट्याला येतो आणि कडेला उभ्या राहणाऱ्या भिडस्त मुलाचाही पाय चेंडूला लागतो.

दहा वर्षांच्या पुढे दोघांविरुद्ध एक, हा खेळ सुरू करावा. चेंडू असलेल्याने अडविणाऱ्याच्या अंगावर जावे. तो चेंडूकडे आला तर सोबत्याला द्यावा; तो सोबत्याकडे सरकला तर स्वतः निघून जावे. ह्या एका खेळात राखणे आणि देणे ही दोन्ही येतात, आणि कोणते करावयाचे ते मास्तर ठरवीत नाही, समोरचा माणूस ठरवितो. त्यासाठी मान वर करून खेळण्याची सवय लागते. चेंडू दिल्यावर उभे राहू नये, पुन्हा मोकळ्या जागी धावावे, हेही येथेच अंगवळणी पडते.

बारा-तेरा वर्षांनंतर जागेचे भान द्यावे. आपल्या गोलासमोर चकवाचकवी करणारा खेळाडू घराला आग लावून शेक घेतो. तेथे चेंडू द्यावा, तोही लवकर. परंतु प्रतिपक्षाच्या गोलाजवळ एकच माणूस समोर असताना जो मुलगा पुढे जाण्यास धजतो, त्याला चुकल्याबद्दल कधीही बोलू नये. रहीमसाहेबांप्रमाणे आठवड्यातून एखादा दिवस ड्रिबलिंगला बंदी अवश्य करावी. पण दुसऱ्या एखाद्या दिवशी, एकाला तरी चुकविल्यावाचून पास देऊ नये, अशीही अट घालावी. आणि सामन्याच्या वेळी मास्तराने शक्य तितके गप्प राहावे. खेळ संपल्यावर ‘का दिला नाहीस?’ असे न दटावता ‘त्या वेळी तुला कोण कोण दिसले होते?’ असे विचारावे. ज्याला कोणीच दिसले नव्हते, तो ह्या प्रश्नाने दुसऱ्या दिवशी मान वर करतो. ज्याला सोबती दिसला होता आणि तरीही पुढे जाणेच योग्य वाटले, तो तसे सांगतो; आणि पुष्कळदा त्याचेच बरोबर असते.

१८६३ च्या नियमाने खेळाडूला एकट्याने धावावयास लावले. स्कॉटलंडच्या व ब्लॅकबर्नच्या लोकांनी त्याला सोबती मिळवून दिले. कलकत्त्याच्या अनवाणी खेळाडूंनी आणि हैदराबादच्या शाळामास्तराने ह्या दोहोंची सांगड घातली. हे शहाणपण मिळवावयास जगाला कित्येक वर्षे लागली. ते बारा वर्षांच्या मुलाला एका शब्दात, तेही मैदानाच्या कडेवरून ओरडून, देता येईल अशी अपेक्षा करणे हा मास्तरांचा उतावीळपणा होय.

परवा सायंकाळी मी आमच्या गावातील एका मैदानापाशी थांबलो होतो. एक लहानगा चेंडू घेऊन निघाला आणि सवयीप्रमाणे चहूकडून ‘दे, दे’ सुरू झाले. माझ्याही जिभेवर तो शब्द आला. मी तो गिळला. त्याने एकाला चुकविले, दुसऱ्याला चुकविले, आणि तिसऱ्याने त्याच्याकडून चेंडू काढून घेतला. सवंगडी रागावले. तो मात्र कमरेवर हात ठेवून, मान वर करून, चेंडू गेला त्या दिशेकडे पाहत उभा होता. आपला डावीकडचा सोबती मोकळा होता, हे त्याला त्या वेळी दिसले असावे. कारण पुढच्या खेपेस त्याने दोघांना आपल्याकडे ओढून घेतले आणि चेंडू नेमका डावीकडे सोडला. त्याला ते कोणी सांगितले नव्हते.